आखाजीच्या गारा, आश्लेषाचा पूर

आमचं शेत आणि चुलत आजोबांचं शेत यांच्यामध्ये एक गाडरस्ता आहे, एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढा. गाव रावेर तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका दुपारी गारा आल्या आणि अर्ध्या तासात आमची निसवलेली केळीबाग झोपली. पानांच्या चिंध्या झाल्या, घड मातीत लोळले. रस्त्यापलीकडच्या बागेत मात्र चार-दोन पानं फाटली, बस. संध्याकाळी चुलत आजोबा, म्हणजे आमचे नाना, ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते माझ्या आबांना म्हणाले, "दादा, ही रेघ कोणी मारली असेल?"

दहा-बारा दिवसांनी पंचनाम्याला एक जण आला. त्याने दोन्ही बागा पाहिल्या आणि विचारलं, "गारा पडल्या तर पलीकडे का नाही पडल्या?" आबांकडे याचं उत्तर नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, पण खरं कसं पटवायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते उत्तर मला मोठेपणी, थोडंथोडं करत मिळालं. ते इथे सांगतो. शिवाय गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी नीट कशा ऐकायच्या, त्यातलं काय धरायचं आणि काय तपासायचं, हेही सांगतो. खानदेशातल्या हवामानाचा मोठा भाग अजून कुठल्याच कागदावर आलेला नाही. तो माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं एकेक करून जात आहेत.

आधी गार कशी बनते ते पाहू. चैत्र-वैशाखातली दुपार आहे, आपली काळी जमीन तापली आहे. तापलेल्या जमिनीला टेकलेली हवा गरम होते, हलकी होते आणि वर निघते. रोजच निघते, त्यात नवल नाही. पण काही दिवशी खालच्या हवेत समुद्राकडून आलेली ओल असते, आणि त्याच वेळी वर, सात-आठ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून थंड कोरडी हवा सरकत येते. हवामान खातं त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतं. हिवाळ्यात-उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयाकडे जाणाऱ्या या लाटांचं शेपूट कधीकधी आपल्यापर्यंत पोचतं. खाली गरम आणि ओली हवा, वर थंड आणि जड हवा, असा उलटा संसार फार वेळ टिकत नाही. खालची हवा उसळी मारते आणि तास-दीड तासात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. सकाळी कोरडं दिसणारं आभाळ तीन-चार वाजता काळंनिळं होतं ते यामुळे. जमीन सर्वांत जास्त तापलेली असते तेव्हाच ढगाला सर्वांत जास्त बळ मिळतं. म्हणून आपल्याकडच्या गारांच्या आठवणी बहुधा दुपारनंतरच्या असतात.

या ढगाच्या आत वर जाणारा वारा इतका जोरदार असतो की थेंबांना तो खाली पडू देत नाही. थेंब शून्य अंशाच्या रेषेच्या वर जातात, पण लगेच गोठत नाहीत. स्वच्छ पाण्याच्या बारीक थेंबाला गोठायला काहीतरी निमित्त लागतं, धुळीचा कण किंवा बर्फाचा एखादा कण. ते मिळेपर्यंत तो शून्याखालीही पाणीच राहतो. असं पाणी बर्फाच्या कणाला लागलं की तिथल्या तिथे गोठतं. कण जाडा होतो, ढगात हिंडतो, आणखी पाणी अंगाला लावून घेतो. लहानपणी आम्ही गार दाताने फोडून पाहायचो तेव्हा आत कांद्यासारखे पापुद्रे दिसायचे, एक दुधी, एक काचेसारखा. पाणी झटकन गोठलं की आत हवा अडकते, तो दुधी थर. सावकाश गोठलं की हवा निघून जाते, तो पारदर्शक. म्हणजे ती गार ढगात कुठून कुठे गेली याचा प्रवासच तिच्या पोटात असतो. शेवटी वाऱ्याला तिचं वजन पेलेनासं होतं आणि ती सुटते. बोरापासून लिंबापर्यंतच्या, म्हणजे साधारण अडीच ते साडेचार सेंटिमीटरच्या गारेचा पडताना वेग ताशी ४० ते ६५ किलोमीटर असतो. केळीचं पान त्यापुढे काय टिकणार.

मे महिन्यात ऊन तर आणखी जास्त असतं, मग गारा तेव्हा जास्त का पडत नाहीत, असं आमच्या गावातल्या एका मुलीने मला विचारलं होतं. फार चांगला प्रश्न. मार्चमध्ये शून्य अंशाची रेषा त्यामानाने खाली असते आणि वरची हवाही थंड असते. मे उजाडेपर्यंत ती रेषा वर सरकते. गार बनते, पण तिला खालच्या गरम हवेतून जास्त अंतर कापावं लागतं आणि वाटेतच ती वितळून जाते. त्यामुळे मे महिन्यात कित्येकदा जे टपोरे गार थेंब अंगावर येतात, ती वितळलेली गारच असते.

आता नानांची रेघ. ढग जरी तालुकाभर पसरलेला दिसला तरी गारा धरून ठेवणारा त्यातला जोरदार वाऱ्याचा झोत थोडक्या जागेतच असतो, काही किलोमीटर रुंदीचा. आणि ढग जागेवर थांबत नाही, वरच्या वाऱ्याबरोबर सरकतो, या दिवसांत बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे. फाटकं पोतं खांद्यावर घेऊन कोणी चालत गेला की मागे दाण्यांची ओळ पडते, तशी गारांची ओळ जमिनीवर पडते. लांबीला पाच-पंचवीस गावं, रुंदीला दोन-तीन. त्या पट्ट्याला कुठेतरी काठ असतोच, आणि तो काठ गाडरस्त्यावरूनही जाऊ शकतो. पट्ट्याच्या आतही गारा सारख्या पडत नाहीत. आबांचं म्हणणं खरं होतं आणि नानांची बाग उभी होती हेही खरं होतं. एकामुळे दुसरं खोटं ठरत नव्हतं.

गारांइतकंच किंवा जास्त नुकसान वारा करतो, आणि केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. खानदेशात या वाऱ्याला वावधन म्हणतात. पण वावधनही एका प्रकारचं नसतं. गारा आणि पाऊस खाली येताना आपल्याबरोबर थंड हवा ओढून आणतात. ही जड हवा जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंनी पसरते. अंगणात पाण्याचा हंडा एकदम उपडा करा, पाणी कसं धावतं ते बघा, तसंच. म्हणून ऐन वादळाआधी एकाएकी गार वाऱ्याचा लोट येतो आणि मातीचा वास येतो. या वाऱ्याने पडलेली झाडं आपटण्याच्या जागेपासून बाहेरच्या दिशेला पडतात. गावाच्या एका बाजूच्या बागा पूर्वेला आडव्या आणि दुसऱ्या बाजूच्या उत्तरेला, असं दिसलं तर हवा वरून आपटली असं समजावं. सगळ्या गावांत एकाच दिशेला आडव्या असतील तर तो वादळाच्या पुढे धावणारा सरळ वारा. आणि झाडं पिरगळली असतील, आजूबाजूची एकमेकांवर उलट दिशांना पडली असतील, तर तिथे वारा फिरला. एवढी साधी गोष्ट, "केळी कोणत्या अंगाला पडली?", पण ती विचारणारा माणूस मला पंचनाम्यात कधी भेटला नाही.

केळी एवढी सहज का पडते हेही समजून घेण्यासारखं आहे. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, ते एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं असतं आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. मुळं वरच्या दीड-दोन वितीतच पसरलेली. वर वीस-पंचवीस किलोचा घड लटकतोय आणि शिडासारखी मोठी पानं वारा अडवतायत. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या सरळ पटीत वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा ८० झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. बागेभोवती दाट शेवरी लावायची जुनी रीत होती ती उगीच नव्हती. वेग निम्मा झाला तर दाब पावपट राहतो. जागा वाचवायला कित्येकांनी शेवरी काढून टाकली, आमच्या घरानेही काढली. मला ती चूक वाटते.

या सगळ्याची नोंद होते का? थोडी होते. २०१७ पासून महाराष्ट्रात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, दोन हजारांहून जास्त. केळीच्या हवामान आधारित विम्यात तापमान आणि वाऱ्याची भरपाई अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. चांगली सोय आहे, पूर्वी एवढंही नव्हतं. पण हिशोब करून पाहा. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरच्या वर. एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशेच्या आसपास चौरस किलोमीटर येतात. तीन किलोमीटर रुंदीचा गारांचा पट्टा त्या केंद्राला न शिवता निघून जाणं अगदी सोपं. पर्जन्यमापकाचं तोंड तर वीतभरही नाही. त्यात गारा पडल्या तरी उसळून बाहेर जातात, उरलेल्या वितळल्या की नुसत्या मिलिमीटरचा आकडा उरतो. तो आकडा "पाऊस १२ मिलिमीटर" एवढंच सांगतो, गारा होत्या हे सांगत नाही. माणसाची आठवण म्हणूनच लागते. केंद्र जिथे नव्हतं तिथे कोणीतरी शेतात उभं होतं.

पण आठवण धरायची कशी? मला सर्वांत जास्त मदत झाली ती दोन पंचांगांतला फरक कळल्यावर. आपल्याकडे पावसाळ्याची आठवण नक्षत्रात असते आणि उन्हाळ्याची सणात. म्हातारा माणूस म्हणतो, "मघात पाऊस लागला तो पूर्वापर्यंत हटला नाही." दुसरा म्हणतो, "आखाजीच्या आदल्या दिवशी गारा." ही दोन वाक्यं ऐकायला सारखी, पण तारीख काढायला अगदी वेगळी. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. सूर्य मृग नक्षत्रात जातो ती तारीख दरवर्षी ७-८ जूनच असते. आर्द्रा २१-२२ जूनला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ला, पूर्वा ३० ऑगस्टच्या सुमाराला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. ही तारीख सरकायला सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस लागतो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा "हत्तीचा पाऊस", म्हणजे हस्ताचा, कोणी सांगितला तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा-दीड आठवडा हे पंचांग न उघडताच पक्कं. चौदा दिवसांच्या आत तारीख मिळाली, आणि तीही अशा माणसाकडून ज्याने कधी कॅलेंडर वापरलं नाही.

सण मात्र चंद्रावर चालतात आणि अधिक मासाने मागेपुढे होतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती आणि २०२४ मध्ये १० मेला. अठरा दिवसांचा फरक. गारांच्या हिशोबात अठरा दिवस म्हणजे फार. म्हणून आखाजी, महाशिवरात्रीची मुक्ताईची जत्रा, सारंगखेड्याचा घोडेबाजार असं काही कोणी सांगितलं की आधी वर्ष पक्कं करायचं आणि मग त्या वर्षीच्या पंचांगात तारीख पाहायची. वर्ष कसं पक्कं करायचं? "कोणतं साल?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण माणूस अंदाजाने गोल आकडा सांगतो. "तेव्हा मोठ्या मुलीचं लग्न झालं होतं का?", "विहिरीवर मोट होती की इंजिन?", "घरावर धाबं होतं की पत्रे?" असं विचारलं की चेहरा बदलतो. माणसाला साल आठवत नाही, पण पत्रे कधी टाकले ते आठवतं.

जुन्या दुष्काळांची नावंही सालावरूनच पडली, फक्त ते साल कोणत्या गणनेतलं हे विसरलं जातं. गुजरात-राजस्थानात "छप्पनिया" म्हणतात तो दुष्काळ १८९९-१९०० चा. छप्पन्न हे विक्रम संवत १९५६ मधलं. आपल्याकडच्या व्यापारी घरांच्या वह्या संवतात असायच्या. शके समजून त्यांची बेरीज केली तर एकशे पस्तीस वर्षं चुकतील. १९७२ ला असा घोळ नाही. ते साल सगळ्यांना तोंडपाठ आहे, लाल मिलो आणि सुकडीसकट.

घराचं धाबं मी वर म्हटलं, त्याबद्दल थोडं थांबून सांगतो. पावसाविषयी बायकांच्या आठवणी मला पुरुषांपेक्षा जास्त नेमक्या वाटल्या आणि त्याला कारण धाबं आहे. मातीच्या सपाट छताचं घर झडीत गळतं. सहा-सात दिवस बारीक पाऊस लागून राहिला की माती आतपर्यंत भिजते आणि मग घरात ठिकठिकाणी भांडी मांडावी लागतात. पण तास-दोन तास पाऊस आडवातिडवा कोसळला तर पाणी पन्हळीतून वाहून जातं, धाबं तेवढं गळत नाही, नाल्याला मात्र पूर येतो. आमच्या शेजारची मोठी माय सांगायची, "त्या वर्षी दाणे भिजले, पण नाला वाहिला नाही." या एका वाक्यात पाऊस किती दिवस होता आणि किती जोराचा होता, दोन्ही आलं. महसूल खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी. मोठ्या मायच्या पावसात असा एकही दिवस नसेल, तरी तिचं धान्य गेलं. तिचं नुकसान त्या व्याख्येत बसत नाही.

आता आठवणीच्या चुका. त्या सांगितल्या नाहीत तर मी अर्धंच बोललो असं होईल.

पहिली आणि मोठी चूक अशी की माणूस हवामान लक्षात ठेवत नाही, नुकसान लक्षात ठेवतो. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, कापून खळ्यात पडलेली असताना आलेला साधा पाऊस चाळीस वर्षं आठवतो. तेवढ्याच गारा पेरणीआधी मोकळ्या रानात पडल्या तर पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाहीत. म्हणून "पूर्वी अशा गारा पडत नव्हत्या" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, तेव्हा त्या महिन्यात शेतात काय उभं होतं? पूर्वी ज्या रानात मार्चमध्ये नुसतं ढेकळांचं मोकळं शेत असायचं तिथे आज ठिबकवर बारमाही बाग आहे. वादळ तेच आलं तरी आज त्याला मोडायला जास्त सापडतं. याचा अर्थ हवामान बदललेलं नाही असा मुळीच नाही. मध्य भारतात मोठ्या, सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर वाढल्याचं पर्जन्यनोंदींतून स्पष्ट दिसलं आहे. पण ते नोंदींतून सिद्ध झालं, आठवणीतून नाही. गारांच्या जुन्या नोंदी तुटक आहेत, म्हणून तिथे गावाने जपून बोलावं असं मला वाटतं. आपलं म्हणणं उद्या कोणी खोडून काढलं तर आपली खरी हानीही खोटी ठरवली जाते.

दुसरी चूक म्हणजे मोठी घटना लहान घटनांना गिळते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर दोन-तीन आठवडे गारपीट झाली. तेव्हापासून २०१२ च्या असोत की २०१६ च्या, सगळ्या गारा लोकांच्या बोलण्यात "त्या गारपिटीच्या वर्षी" होतात. म्हणून प्रत्येकाला वेगळं विचारावं, चौकात दहा जणांसमोर नाही. चौकात पहिला बोलतो तेच सगळ्यांना आठवतं.

तिसरी, गार वाढत जाते. सुपारीएवढी पडलेली गार दहा वर्षांत लिंबाएवढी होते आणि वीस वर्षांत नारळाएवढी. सांगणारा खोटारडा नसतो, भीती मोठी होती म्हणून गार मोठी होते. त्याला खुणा विचाराव्यात. पत्र्याला नुसते पोचे आले की भोकं पडली? कौलं फुटली का? बाभळीच्या कोणत्या अंगाची साल निघाली? साल एकाच अंगाची गेली असेल तर गारा वाऱ्याबरोबर तिरप्या आल्या आणि त्या कोणत्या दिशेने आल्या हेही कळतं.

पुराच्या बाबतीत खुणा अधिक पक्क्या असतात, कारण पाणी भिंतीवर रेघ सोडून जातं. तापीकाठच्या जुन्या माणसांना विचारा, १९६८ चा पूर आणि २००६ चा पूर या दोन गोष्टी निघतातच. दोन्ही वेळा सुरतेत हाहाकार झाला आणि दोन्ही वेळा महिना ऑगस्ट होता, ऑगस्टचे पहिले दहा दिवस, म्हणजे आश्लेषाचं नक्षत्र. हा योगायोग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि देशाच्या मध्यातून पश्चिमेकडे सरकतात. बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात, पण तापी आणि नर्मदा पश्चिमेला. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला धावते. म्हणजे पाऊस आणि नदी एकाच दिशेने चाललेले असतात. आधी वरच्या खोऱ्यात पडलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा पाऊसही त्याच्याबरोबर खाली पोचलेला असतो. पाण्यावर पाणी चढतं. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते आणि मेळघाटाचं पाणीही त्यात येतं. म्हणून आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात की आपल्याकडे ऊन असलं तरी आश्लेषात नदीचा भरवसा नाही. आभाळ कोरडं आणि नदी दोन्ही थड्या भरून, हे ज्याने एकदा पाहिलं तो पुन्हा नदीत गुरं उतरवताना वरच्या अंगाला बघतो. आता हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आधी इशारा येतो, तरी ती सवय मोडू नये.

गिरणा-पांझरेच्या खोऱ्यातला पूर वेगळा असतो. तो दूरचा नसतो, डोक्यावरचा असतो. ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री अजिंठ्याच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि पहाटे तितूर आणि डोंगरी नद्या चाळीसगावात शिरल्या. डोंगर ते शहर अंतर थोडं, उतार तीव्र, त्यामुळे तापीसारखी दिवसभराची सवड मिळत नाही, काही तासच मिळतात. दावणीला बांधलेली जनावरं तशीच गेली. धुळ्याला पांझरेने असा तडाखा १८७२ मध्ये दिला होता, तो जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तिथल्या काठावरच्या माणसांच्या आठवणीत आता २०१९ चा पूर आहे. मधल्या दीडशे वर्षांतले कितीतरी पूर मात्र फक्त ओट्या-पायऱ्यांवरच्या बोटांनी दाखवायच्या खुणांवर आहेत. घराला रंग देताना ती खूण पुसली की तो पूर गेला. माझी कळकळीची विनंती आहे, रंग देण्याआधी खुणेला एक खिळा ठोका आणि बाजूला साल लिहा.

आणि आजच्या वादळाचं काय? ते उद्याची आठवण आहे. माझ्याकडे एक वही आहे, तीत मी तारीख आणि वेळ लिहितो, वारा कोणत्या दिशेने आला, गारा किती मिनिटं पडल्या, केवढ्या होत्या. गारेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढतो, म्हणजे उद्या कोणी नारळ म्हणायला नको. फोनमधल्या फोटोवर वेळ आपोआप येते. पण सर्वांत महत्त्वाचं, जिथे गारा पडल्या नाहीत तेही लिहितो. काठ कुठे होता हे त्यावरूनच कळतं. विम्याची सूचना शेतकऱ्याने ठरलेल्या तासांतच द्यावी लागते आणि पंचनामा नंतर होतो. त्या मधल्या दिवसांत गारा वितळलेल्या असतात, पण नाणं ठेवलेला फोटो शिल्लक असतो.

त्याच वहीच्या मागच्या पानावर मी त्या लहानपणच्या दुपारचा हिशोब मांडला. घरात सगळे "मार्चमधल्या गारा" म्हणायचे. मीही तेच धरून चाललो होतो. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मार्च कशाचा? लग्नानंतरची माझी पहिली आखाजी होती ती. मी झोक्यासाठी माहेरी आले होते, निंबाचा झोका वावधनाने तोडला, गौराई घरात घ्यायला धावलो आम्ही." तिच्या लग्नाची पत्रिका सापडली, पंचांग काढलं, तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली निघाली. मग सात गावांत फिरलो. कुठे देवळाचे पत्रे, कुठे कपाशीच्या खोलीची कौलं, एका गावात काहीच नाही, पुढच्यात पुन्हा बाभळीची साल. नकाशावर टिंबं मांडली तेव्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा अडीच-तीन किलोमीटरचा पट्टा दिसला. त्याचा दक्षिणेकडचा काठ आमच्या गाडरस्त्याजवळून जात होता.

नाना तेव्हा नव्हते. मी नकाशा त्यांच्या मुलाला, काकांना, दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुला एक माहीत नसेल. आबांची बाग गेली ना, त्या साली कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या, लागवडीला तुमच्या रानात सगळे कंद आमच्या बागेतले गेले होते. नानांनी एका कंदाचेही पैसे घेतले नाहीत, आणि घरात कोणाला बोलूही दिलं नाही."

ते मी पट्ट्याच्या खाली लिहून ठेवलं आहे, तारखेसकट.